आडोसा

चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी केर्लीकडून ज्योतिबाला चढणाऱ्या वाटेवर आमच्या डॉक्टर आपांचा तंबू लागायचा. टेम्पोतून सामान उतरायला लागलं की तालमीतली पोरं औषधांच्या पेट्यांना हात घालायची आणि आपा खालूनच ओरडायच्या, "ते राहू द्या रे, आधी बांबू काढा." चार बांबू, सुतळीचं बंडल आणि साखरेच्या पोत्यांची उसवलेली बारदानं. तंबूच्या मागं, उताराच्या अंगाला, बांबू रोवून बारदानं ताणायची. आत दोन सपाट दगड, पाण्याची घागर आणि डालड्याचा एक डबा. हा आडोसा उभा राहिला, आपा स्वतः आत जाऊन चारी बाजूंनी फटी बघून आल्या, की मगच गळ्यात स्टेथोस्कोप यायचा.

१९८६ साली मी चौदा वर्षांची होते. माझी आई आपांच्या दवाखान्यात आया होती, कोल्हापुरात, शनिवार पेठेत. शाळेला सुट्टी लागली की मीही तिच्याबरोबर जायचे, सुया उकळायला, पट्ट्या गुंडाळायला. यात्रेला मला पहिल्यांदा नेलं ते त्या वर्षी. माझं काम सांगताना आपांनी आवाज खाली आणला होता. "बाई माणूस तंबूत आलं की तू तिला मागं कुठं जायचं ते दाखवायचं. ती विचारणार नाही. तूच सांगायचं." डॉक्टरांच्या तंबूत आपल्याला असं काम मिळावं याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. गुलालानं लाल झालेले डोळे धुवायचं काम मिळेल अशी माझी आशा होती.

दुपारी बाराच्या सुमाराला दोन बायका तिसरीला काखेत धरून घेऊन आल्या. पाडळीच्या मानाच्या काठीमागनं आलेली साताऱ्याकडची मंडळी. पन्नाशीची बाई, हिरवं नऊवारी, कपाळ गुलालानं माखलेलं, पदराच्या गाठीत दवण्याची जुडी. डोकं धरून बसली होती, उलटीची भावना, पोटऱ्यांत गोळे. तंबूतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी नाडी बघितली, ऊन लागलंय म्हणाले आणि सलाइन लावायला सांगितलं. त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. आपा बाईच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तिचा हात हातात घेतला, कातडी चिमटीत धरून सोडली, ती लवकर खाली बसली नाही. मग कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मावशी, लघवीला शेवटचं कवा गेला हुतासा?"

बाईनं आपांकडं असं बघितलं की ते डोळे मला अजून आठवतात. घरच्या माणसानंही कधी विचारलं नसेल ते कुणीतरी विचारलं होतं.

"काल रातच्याला. तळावर. आंधार पडल्यावर."

"आणि पाणी?"

"पाणी पिलं की जावं लागतंय. आन् जायाचं कुठं, बाई? समदीकडं गडीमाणसं."

चौदा-पंधरा तास. एप्रिलचं ऊन, अनवाणी चाल, आणि बाईनं ठरवून पाणी तोडलेलं. आपांनी मला खूण केली. मी तिला मागं घेऊन गेले, बारदानाचा पडदा वर धरला आणि पाठ करून उभी राहिले. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग ती बाहेर आली, माझ्या गालाला गुलालाचा हात लावला आणि म्हणाली, "देवानंच केलं गं बाई." तंबूत येऊन तिनं सलग तीन पेले साखर-मिठाचं पाणी घेतलं. सलाइनची गरज पडली नाही. त्या दिवसापासून मला माझ्या कामाचं वाईट वाटलं नाही.

आपांची एक वही माझ्या आईनं पाहिली होती. यात्रेतल्या प्रत्येक बाईच्या नावापुढं त्या दोन रकाने करायच्या: 'पाणी' आणि 'आडोसा'. चक्कर, उलटी, डोकेदुखी, लघवीची जळजळ, ताप, असं काहीही असलं तरी आधी हे दोन प्रश्न. भाविक माणूस दुखणं सांगत नाही, असं त्या म्हणायच्या. नवस फिटेपर्यंत त्याला दुखतच नाही. आणि बाई असेल तर ती नवस फिटल्यावरही सांगत नाही.

आपा मुसलमान होत्या हे इथं वेगळं सांगायला हवं का, असा प्रश्न लिहिताना पडला. आमच्या पेठेत त्याची चर्चा होत नव्हती. जिथं बाबूजमालच्या दर्ग्याच्या चौकटीवर गणपती आहे आणि तालमीत मोहरमचे पंजे आणि गणपती एकाच छताखाली बसलेले आहेत, त्या गावात आम्ही वाढलो. पण सांगायला हवंच. कारण १९६० च्या दशकात मुसलमान घरातल्या मुलीनं डॉक्टर होणं म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. ते आम्ही तुकड्यातुकड्यानं ऐकलं.

त्यांचे वडील कागलकडच्या खेड्यातून शिकायला कोल्हापुरात आले आणि मुस्लिम बोर्डिंगात राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचं हे बोर्डिंग. महाराज स्वतः तिचे अध्यक्ष. शिकलेल्या मुसलमानांची पहिली पिढी आमच्या गावात त्या दारातून बाहेर पडली. आपांचे वडील शिंपीकाम करत राहिले, पण ज्या माणसाला राजानं शिकायला जागा दिली तो आपल्या मुलीला जागा देणार नाही असं होणं शक्य नव्हतं. १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि वडिलांनी मुलीला तिथं घातलं. नातेवाइकांनी दोन वर्षं उंबऱ्याला पाय लावला नाही. आई मात्र दर पंधरवड्याला मिरजेच्या गाडीनं डबा घेऊन जायची आणि परत येताना ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात बसून यायची.

त्या एकट्या नव्हत्या हे त्यांना पुढं कळलं. जोहरा बेगम काझी राजनांदगावात १९१२ साली जन्मल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून १९३५ साली डॉक्टर झाल्या, गांधीजींच्या सेवाग्रामात त्यांनी काम केलं आणि फाळणीनंतर ढाक्याला जाऊन तिथल्या मेडिकल कॉलेजात बायकांचा विभाग उभा केला. बंगाली मुसलमान बायकांतली पहिली डॉक्टर म्हणून आज त्यांचं नाव घेतात. आपांना ही गोष्ट मी फार उशिरा वाचून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "सेवाग्राम म्हणजे आपलं वर्ध्याचं?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. "म्हणजे तेव्हाच होत्या इतक्या जवळ."

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनाला लागलेली होती. कोल्हापूरचा आल्बर्ट एडवर्ड दवाखाना, ज्याला आज आपण सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणतो, तिथल्या बायकांच्या वॉर्डावर पहिली नेमणूक झाली होती ती आनंदीबाई जोशींची. अमेरिकेत ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, कोल्हापूर दरबारानं जागा देऊ केली, बाई परत आल्या त्या क्षयानं खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्या वॉर्डाच्या दारातून त्या कधी आत आल्याच नाहीत. पुढं कृष्णाबाई केळवकरांनी त्याच दवाखान्यात काम केलं. आपा म्हणायच्या, कोल्हापूरची प्रत्येक डॉक्टरीणबाई त्या रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचं थोडं देणं लागते. सीपीआरच्या आवारात रोग्याला भेटायला गेल्या की वॉर्डाच्या पायरीला हात लावून कपाळाला लावायच्या. नमाजी बाई पायरीला हात लावते म्हणून कुणी विचारलं तर म्हणायच्या, "शाळेच्या पायरीला लावतो की नाही आपण?"

१९७४ च्या शेवटी आपा आईवडिलांना घेऊन हजला गेल्या. त्या साली हज डिसेंबरात, थंडीत पडला होता. तेव्हा बहुतेकांचा मार्ग जहाजाचा. मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनचं जहाज, आठवडाभराचा प्रवास आणि जेद्दा. हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. तोवर आमच्या भागातल्या किती म्हाताऱ्यांनी 'अकबर' जहाजाचं नाव कुणा नातेवाइकाचं घ्यावं तसं घेतलेलं मी ऐकलंय.

आपांचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. डॉक्टरकी चार वर्षांची. त्या यात्रेकरू म्हणून निघाल्या होत्या, पण दुसऱ्याच दिवशी समुद्र लागलेल्या बायकांनी त्यांची झोपायची फळी वेढली. जहाजावर डॉक्टर होता. पुरुष. बायका त्याच्याकडे उलटीची गोळी मागायच्या आणि बाकी सगळं गिळून परत यायच्या. आपांनी दोन फळ्यांच्या मध्ये आईची चादर बांधली. "माझा पहिला दवाखाना," असं त्या त्या चादरीला म्हणायच्या. त्या चादरीआड आठ दिवसांत काय काय बाहेर आलं: अंगावरून जाणं, गर्भाशय खाली उतरलेलं आणि वर्षानुवर्षं कापडानं वर ढकलून धरलेलं, कुठल्याशा खेड्यातल्या आजीच्या स्तनातली गाठ. ती आजी म्हणाली होती, "हज झाला की बघू. आत्ता सांगितलं तर पोरगं परत नेईल." आपा तिला काही बोलू शकल्या नाहीत. ही एक गोष्ट सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बदलायचा.

या सगळ्याचा विचार करताना मला एक गोष्ट खटकत आलीय. यात्रेकरूंच्या आरोग्याची चिंता सरकारांनी पूर्वीपासून केली. १८६५ साली मक्केत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली, ती युरोपात पोहोचली आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला राष्ट्रं जमली. तांबड्या समुद्रात कामरान बेटावर हिंदुस्थानातून येणाऱ्या हाजींना उतरवून वेगळं ठेवायची सोय झाली. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर पटकीची लस टोचू लागले. ती कामं मोठी होती आणि त्यांनी जीव वाचवले, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या सगळ्यात यात्रेकरू दिसतो तो साथ घेऊन येणारा म्हणून. त्याच्यामुळं बाकीच्यांना काय होईल ते बघितलं गेलं. तळावर काळोख पडायची वाट बघत बसलेल्या बाईला काय होतंय, ते कुठल्या परिषदेत कुणी विचारलं?

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांबद्दल इथं लिहितेय, कारण आपांनी ते मोकळेपणानं बोलायला शिकवलं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, श्रावणात घरच्या पूजेला, ज्योतिबाच्या यात्रेला, आणि हजच्या आधी. दवाखान्यात त्याच गोळ्या मागायला त्याच खालच्या आवाजात बायका यायच्या. एक कुंकू लावलेली, एक बुरख्यातली, बाकावर शेजारी शेजारी, आणि दोघींच्या हातातल्या चिठ्ठीवर मेडिकलवाल्यानं लिहिलेलं एकच नाव. आपा गोळ्या द्यायच्या, पण तशाच नाही. पाय सुजतात का, पूर्वी कधी पायात रक्ताची गाठ झाली होती का, कावीळ झाली होती का, रक्तदाब किती. लांबच्या प्रवासात पाय लटकवून बसून राहायचं असेल तर आणखी चौकशी. कुणाकुणाला त्या नाही म्हणायच्या. नाही म्हटलेली बाई रडायची.

अशाच एका रडणाऱ्या बाईला त्यांनी समजावलेलं मी ऐकलं. ती हजला निघालेली, आणि काबागृहाभोवतीची प्रदक्षिणा, म्हणजे तवाफ, पाळीत करता येत नाही म्हणून घाबरलेली. आपा म्हणाल्या, "हजरत आयेशांनाही वाटेत पाळी आली होती. सरिफला. त्या रडत बसल्या तेव्हा पैगंबरसाहेब काय म्हणाले ठाऊक आहे? आदमच्या लेकींसाठी अल्लानं हे लिहिलेलंच आहे, तू हाजींचं सगळं कर, फक्त तवाफ तेवढा नंतर कर. मग तू का रडतेस? अरफातला उभं राहायला कुणी अडवलंय?" बाईनं डोळे पुसले. तिच्याशेजारी बसलेली आमच्याच गल्लीतली एक मराठा बाई हे सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आमच्यात असं कोण सांगत न्हाई बघा." आपांना त्यावर काही उत्तर सुचलं नसावं. त्यांनी तिचा हात धरला आणि रक्तदाबाची पट्टी गुंडाळायला घेतली.

दुसऱ्यांदा त्या हजला गेल्या १९९३ साली, नवऱ्याबरोबर, विमानानं. चांद्र महिन्यांमुळं हज दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. एकोणीस वर्षांपूर्वी थंडीत केलेला हज आता मे महिन्याच्या अखेरीला आला होता. अरफातच्या मैदानात सावली शोधणारी माणसं, मुजदलिफात उघड्यावर काढलेली रात्र, मिनात संडासापुढं तासतासाच्या रांगा. आणि पुन्हा तेच, पाणी न पिणाऱ्या बायका. झमझमचं पाणी समोर, भांडी भरलेली, आणि बाई ओठ ओले करून पेला खाली ठेवते. आपांनी आपल्या तंबूतल्या बायकांना रांगेची पाळी लावून दिली होती. दोघी रांगेत उभ्या राहायच्या, नंबर जवळ आला की म्हातारीला पुढं आणायचं. पाच दिवसांत त्यांच्या तंबूतली एकही बाई उन्हानं पडली नाही, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी त्यांना दुसऱ्या कशाबद्दलही झालेला बघितला नाही.

तिथून त्या एक विद्या घेऊन आल्या. मक्केत उष्माघातावर एक पद्धत बसवलेली आहे: रोग्याला जाळीच्या झोळीवर निजवायचं, सगळ्या बाजूंनी पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि वर कोमट वारा सोडायचा. कोमट अशासाठी की कातडी एकदम गार पडली तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. ओल्या अंगावरून पाणी उडून गेलं पाहिजे, जाताना उष्णता घेऊन गेलं पाहिजे. पुढच्या चैत्रात ज्योतिबाच्या तंबूत आपांनी सुंभाची बाज आणवली. रोगी बाजेवर, अंगावर ओलं करून पिळलेलं जुनं सुती नऊवारी एकेरी पसरलेलं, बाजेच्या खालून-वरून पोरांनी सुपानं वारा घालायचा. लुगडं वाळत आलं की पुन्हा पाणी शिंपडायचं. बर्फाची लादी आणणाऱ्या पोरांना त्यांनी लादी सरबतवाल्याकडं नेऊन द्यायला सांगितली. सुंभाच्या बाजेतून वारा खेळतो, तो झोळीसारखाच.

२०२४ च्या हजात मक्केतलं तापमान ५१.८ अंशांवर गेलं आणि १,३०० हून जास्त माणसं गेली. त्यातली ८३ टक्के परवान्याविना आलेली, म्हणजे ज्यांच्या वाट्याला तंबू नाही, गाडी नाही, सावली नाही. ती बातमी वाचताना मला आपांची बाज आठवत होती. त्या तोवर राहिल्या नव्हत्या.

म्हातारपणी त्यांनी दवाखाना बंद केला, पण हजला जाणाऱ्यांचं शिबिर सोडलं नाही. मेंदूज्वराची लस घेतली का, साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत आहेत का, चपला किती जोड. मधुमेह्यांना त्या सगळ्यांसमोर पाय वर करायला लावायच्या. मताफातला, म्हणजे तवाफ करतात त्या जागेतला, पांढरा संगमरवर उन्हातही गार राहतो, पण बाहेरचा रस्ता राहत नाही, आणि ज्याच्या तळव्याची जाणीव गेलीय त्याला भाजलेलं संध्याकाळी मोजा रक्तानं चिकटल्यावर कळतं. ज्योतिबाला अनवाणी जाणाऱ्यांना त्या हेच सांगायच्या.

२०१८ साली पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना मेहरमशिवाय, म्हणजे सोबत नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक नसताना, चौघींच्या गटानं हजला जायची परवानगी आपल्या सरकारनं दिली. त्या वर्षीच्या शिबिरात आपा काठी टेकत आल्या होत्या. शिबिरातल्या बायकांना जवळ बोलावून म्हणाल्या, "चौघी आहात ना? मग झालं. चार ओढण्या, चार बाजू." त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं आणि हसू पसरलं. मग त्यांनी खरोखरच चौघींना उभं करून ओढण्या कशा धरायच्या ते दाखवलं.

शेवटच्या आजारात त्या इथल्याच एका दवाखान्यात होत्या. मूत्राशयात नळी घातलेली, बोलणं कमी झालेलं. मी संध्याकाळी शाळा सुटली की जायचे. नर्स नळी साफ करायला आली, तिनं खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढला. वरच्या दांडीतल्या दोन कड्या तुटल्या होत्या, म्हणून पायथ्याशी वीतभर फट राहत होती, आणि समोरच्या खाटेभोवती भेटायला आलेली सात-आठ माणसं उभी होती. मी आदल्या दिवशीही त्या कड्यांबद्दल सांगितलं होतं. आपांनी डोळे उघडले. पडद्याकडं बघितलं आणि बोट उचललं.

"पोरी, फट."

मी माझ्या ओढणीचं एक टोक वरच्या दांडीला गाठ मारून बांधलं, दुसरं हातात ताणून धरलं, आणि पाठ करून उभी राहिले.